अप्पांच्या गुमटीतला उघडा नंबर

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. परभणीत आमचं मेडिकल आहे आणि काउंटरमागं मी स्वतः उभी असते. पोराला तीन दिवस ताप, गळ्यात ताईत, आणि आई निवांत... अशा बायांना मी इतकं बोलते की आमचे मिस्टर मला आत पाठवतात. म्हणतात, तू गिऱ्हाईक पळवशील. या ग्रुपवर पण मी वर्षभर नुसती वाचक. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला विहिरीतून हाक येते, आणि मी आपली मनात म्हणते, झोप नीट घ्या, साखर तपासून बघा. आणि आता मलाच लिहायला बसावं लागतंय. हसायचं असेल तर हसा, मी पण तेच केलं असतं.

हे घडलं ते भर दुपारी. पूर्णेत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली गिरणी चालू, ज्वारीचं पीठ जिन्यापर्यंत उडालेलं. खोलीत मी, बालाजी आणि त्याचा कॉम्प्युटर. अमावस्या नाही, वादळ नाही, लाईटसुद्धा गेलेली नव्हती.

बालाजी माझा वर्गमित्र. चुडाव्याच्या शाळेत आम्ही पहिलीपासून एकाच वाटेनं जायचो. त्याच्या घरी चार एकर कोरडवाहू, आणि माझे अप्पा रेल्वेत गेटमन. चुडावा आणि पूर्णा यांच्या मधे, आमच्या गावाच्या कच्च्या रस्त्यावर अप्पांचं गेट होतं. शेजारी चिंच होती म्हणून सगळे चिंचेचं गेट म्हणायचे. बाल्या पुढं इंजिनिअर झाला, पुण्यात एका कंपनीत अठरा वर्षं राहिला, आणि चार वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून पूर्णेला परत आला. कशासाठी, तर गेम बनवायला. तोही एकट्यानं. चित्रं तोच काढणार, आवाज तोच भरणार, प्रोग्राम तोच लिहिणार, आणि झाला की इंटरनेटवर विकायला ठेवणार.

मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोनवरच झापलं त्याला. "चाळिशी उलटली बाल्या, पोरगी दहावीला, अन् तू गेम खेळायलास?"

"खेळत न्हाई सवे, बनवायलोय," तो म्हणाला. "अन् तुझ्या अप्पांच्या गेटचाच बनवायलोय."

मग मी काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि सगळं ऐकून घेतलं.

गेमचं नाव 'फाटक'. त्यात मारामारी नाही, बंदूक नाही. तुम्ही एक गेटमन. फोन वाजतो, गेट लावायचं, गाडी जाऊ द्यायची, गेट उघडायचं. तेवढ्यात गेटवर जे कुणी थांबलेले असतील त्यांच्याशी बोलायचं. बैलगाडीवाला, शेरडंवाली म्हातारी, लग्नाचा टेम्पो, ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड. असे बारा दिवस काढायचे, की गेम संपला. मी विचारलं, हे कोण विकत घेणार? तो म्हणाला, "आपल्यासारखं ज्यांचं काईतरी मागं राह्यलं ते घेतील."

दोन वर्षं त्याचे फोन यायचे. अप्पांची चहाची किटली कोणत्या रंगाची होती? गुमटीचं दार कोणीकडं उघडायचं? गेटजवळच्या त्या एका खोलीला आम्ही गुमटी म्हणायचो. पावसात गुमटी गळायची का? मी गोळ्यांच्या पट्ट्या कापता कापता सांगायची. एकदा त्यानं चित्र पाठवलं, त्यात गाडी जाताना अप्पा बाकड्यावर बसलेले. मला रागच आला. म्हटलं, माझा बाप गाडी जाताना आयुष्यात कधी बसला नाही, झेंडी घेऊन उभाच असायचा, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत. त्यानं रातोरात बदललं. खरं सांगू का, त्या फोनांची मला सवय लागली होती. अप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्याबद्दल कुणी विचारतच नव्हतं. बाल्या विचारायचा आणि मला आठवायचं. चुलीवरचा धूर, चिंचेच्या सावलीत सांडलेलं तेल, रुळाला कान लावून बसलेलो आम्ही दोघं... आणि फोनची ती घरघर.

आता रेल्वेचं एक काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी सोडायच्या आधी स्टेशनातून गेटला फोन येतो, गेट बंद कर म्हणून. गेटमन गेट लावतो, कुलूप घालतो, आणि फोनवर दोन आकडी नंबर सांगतो. तो त्याच्याजवळच्या छापील कागदावरचा असतो, बाकी कुणाला माहीत नसतो. स्टेशनमास्तर तो लिहून घेतो आणि आपल्या कागदावरचा एक नंबर गेटमनला देतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. नंबर दिला म्हणजे गेटमननं शब्द दिला, गेट बंद आहे, मी इथं उभा आहे. वापरून झालेल्या नंबरावर रेघ मारायची.

अप्पांनी ही रीत घरात आणली होती. शाळेला जाताना मला गेट ओलांडायला लागायचं. मी पहिलीत असताना एकदा मालगाडी उभी असताना खालून वाकून निघाले होते. अप्पांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला. जाताना गेटवर थांबायचं, मनात येईल तो नंबर सांगायचा. अप्पा तो कोळशानं गुमटीच्या आतल्या भिंतीवर, फोनच्या बाजूला लिहायचे. संध्याकाळी परत येताना तोच नंबर मीच सांगायचा, गेटवर उभं राहून. मग ते रेघ मारायचे. म्हणजे पोरगी सुखरूप आली. मी विसरले तर सोडायचे नाहीत. "आठव. घाई न्हाई," म्हणायचे. "गाडीला टाइम हाय." बाल्या शेजारी उभा राहून खुणा करायचा, पण त्याचं चालायचं नाही. अप्पांची रात्रपाळी असली तर दिवसाचे गेटमन इस्माईल चाचा नंबर घ्यायचे. बारा वर्षं हे चाललं. अप्पांनी मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही, पण एक दिवस नंबर चुकवला नाही त्यांनी. मला आता कळतं, ते त्यांचं जवळ घेणंच होतं.

ही रीत मी बाल्याला सांगितली आणि त्यानं ती गेममधे घातली. गेटमनची पोरगी सकाळी येते, एक आकडा सांगते, कॉम्प्युटर तो आपल्या मनानं निवडतो, अकरा ते नव्याण्णवमधला कुठलाही. संध्याकाळी ती परत येते, रेघ पडते, आणि दिवस संपतो.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मायला नाही, मिस्टरांना नाही, कुणालाच नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

बारावीनंतर मला नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला. पूर्णेच्या दोन मुली बरोबर होत्या, त्यांच्या वडिलांची जीप मला घ्यायला गावात आली होती. गेटपाशी जीप थांबली. अप्पा खिडकीजवळ आले, खांद्यावर तेलकट फडकं, आणि म्हणाले, "नंबर दे." त्या मुली खुदकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याकडं न बघताच कुठला तरी आकडा फेकला आणि म्हणाले, "अप्पा, मी काय लहान हाय का आता?" ते हसले, गुमटीत लिहायला गेले, गेट उघडलं. दसऱ्याला मी आले ती एसटीनं, गावाच्या दुसऱ्या अंगानं. गेट लागलंच नाही. घरी दोन दिवस अप्पा रोज दिसले, नंबराचा विषय एका शब्दानं काढला नाही. मी निघायच्या आदल्या रात्री फक्त म्हणाले, "गेटवर येऊन जा एकदा." मी येते म्हणाले. आणि गेले नाही. आळस, दुसरं काही नाही... किंवा लाज. महिन्याभरात ते गेले, ड्युटीवरच. गाडी पास केली, गेट उघडलं, बाकड्यावर बसले ते बसलेच.

त्यानंतर मी त्या गुमटीत पाय ठेवला नाही. भिंतीवर माझा नंबर उघडा असणार हे मला माहीत होतं. तो कुठला हे मात्र आठवत नव्हतं, कारण मी तो रागानं फेकला होता. पुढं रस्त्याखालून पूल झाला, गेट बंद पडलं, गुमटी पाडली. मी म्हटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. दुकानात कुणी बाप आपल्या पोरीला घेऊन आला की मला ते आठवायचंच, आणि नंबर मात्र आठवायचा नाही.

तर मागच्या महिन्यात बाल्याचा फोन आला. "सवे, ते नंबरचं काढून टाकायलोय गेममधून."

मी भडकले. "का रे? तेवढंच तर हाय त्यात."

"बग हाय," तो म्हणाला. म्हणजे प्रोग्राममधली चूक. "पंधरा दिवस झाले, डोकं आपटायलोय. बाराव्या दिवशी पोरगी सकाळी जाती अन् परत येतच न्हाई. नंबर उघडा ऱ्हातो, दिवस संपत न्हाई, गेम अडकून बसतो. तीन वेगळ्या कॉम्प्युटरवर बघितलं, तेच. अन् नंबर बी दर टायमाला एकच येतो. कसा येतो, अल्ला जाणे. सोमवारी त्या विकणाऱ्या साइटला गेम द्यायचाय मला. न्हाई दिला तर चार वर्षं मातीत."

मी विचारलं नाही नंबर कोणता. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, एवढंच वाटलं की अप्पांची रीत आता गेममधूनही जाणार. म्हटलं, "काढू नको. गुरुवारी दुकान बंद असतं, मी येते. मला बघू दे एकदा."

गुरुवारी सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेले. बाल्याला किती वर्षांनी समोर बघत होते. केस पांढरे, पोट सुटलेलं, डोळ्यांखाली काळं. "म्हातारा झालास की रे," म्हटलं. "तू काय तरणी ऱ्हायलीस," तो म्हणाला. टपरीवरून चहा आला. त्यानं मला खुर्चीत बसवलं, हातात माऊस दिला, आणि बारावा दिवस चालू केला. मला कसलं जमतंय? पहिल्या गाडीला गेटच उघडं राहिलं असतं, बाल्यानं हात मारून लावलं. पण दोन-तीन गाड्यांनंतर हात बसला.

आणि मग मी तिथंच गेले हो. तीच चिंच. तीच किटली, कान तुटलेली. फोन घरघरला, खाली लिहून आलं, चुडावा बोलतोय, गेट बंद कर. मी गेट लावलं, नंबर दिला, नंबर घेतला. शेरडंवाली म्हातारी भांडायला लागली, बैलगाडीवाल्यानं तंबाखू मागितली. गाडी गेली आणि पडद्यावरचे अप्पा झेंडी घेऊन उभे राहिले, शेवटचा डबा जाईपर्यंत. चित्र काही हुबेहूब नव्हतं, बाल्या काय चित्रकार नाही. पण उभं राहणं तेच होतं. मी मधेच म्हणाले, "बाल्या, लय चांगलं केलंस रे."

सकाळी पोरगी आली होती, आकडा सांगून गेली होती, तेव्हा माझं लक्ष फोनकडं होतं. आता गेममधे संध्याकाळ झाली. बाकीचे दिवस पोरगी या वेळी रस्त्यानं येते. रस्ता रिकामा. शेवटची गाडी गेली. पाळी बदलायला दुसरा गेटमन आला, सायकल चिंचेला टेकवली, दारात येऊन उभा राहिला. अप्पा उठेनात. बाकड्यावर बसून रस्त्याकडं बघत राहिले. मी माऊस सगळीकडं दाबला. काही होईना. पाखरांचा आवाज पण थांबला.

"हेच," बाल्या म्हणाला. "आता रात्रभर ठिवला तरी असाच बसतो."

मी रडायला लागले. स्पष्ट सांगते, हुंदके देऊन रडले. मी दसऱ्याला घरात पुरणाच्या पोळ्या खात होते, तेव्हा ते असेच बसले असणार. बाल्या घाबरला, त्यानं पाणी दिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, जीप, त्या मुली, दसरा, सगळं.

मग त्यानं पडद्यावरची गुमटीची भिंत मोठी करून दाखवली. सगळे नंबर रेघ मारलेले, एकच उघडा. एकाहत्तर.

"काई आठवतं का?" त्यानं विचारलं.

काहीच आठवलं नाही. डोकं खाजवून सुद्धा नाही. मी डोळे पुसले आणि माझ्यातली मेडिकलवाली जागी झाली. म्हटलं, "हे बघ बाल्या, उगाच काहीतरी मनात आणू नको. आकडा आहे, येतो एखादा." पण तेवढ्यात मला इस्माईल चाचा आठवले. अप्पांनंतर ते गेट बंद होईपर्यंत त्याच गुमटीत होते. आता बोरीला लेकीकडं असतात. त्यांचा जावई बी.पी.च्या गोळ्या माझ्याकडूनच नेतो, म्हणून फोन नंबर होता माझ्याकडं. बाल्याला तर ते हयात आहेत हेही माहीत नव्हतं. त्याच्या समोरच फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आकडा मी मुद्दाम सांगितला नाही.

"चाचा, सविता बोलतेय. गेटवाल्या अप्पांची."

"बोल बेटी. गोळ्या खतम न्हाई झाल्या अजून."

"गोळ्यांचं नाही चाचा. अप्पा माझा नंबर लिहायचे भिंतीवर, आठवतं का तुमाला?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो त्यांनी बंद करायला लावला.

"भूलता क्या मैं," चाचा म्हणाले. "तू नांदेडला गेली ना, तो नंबर ऱ्हायला होता. मोठा साब येनार म्हनून गुमटीला चुना मारायचा होता. तुज्या बापानं सगळी भिंत रंगवली, तेवढी हातभर जागा सोडली. मी बोललो, अरे साब बोंबलेल. तर म्हने, पोरगी येऊन बोलंल, मंग पुसू. तो गेल्यावर मी बी न्हाई पुसला. दर साल चुना मारला, तेवढी जागा सोडून. जेसीबी आला त्या दिवशी बी होता तो."

मी फोन तोंडाजवळ नेला. "कोणता होता चाचा?"

"एकाहत्तर," चाचा म्हणाले. "रोज बघितला बेटी. तू कदी आलीच न्हाई."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, सहज म्हटलं. मी फोन ठेवला. बाल्या माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "मला म्हाईत नव्हतं सवे," तो म्हणाला. "पोरीची शपथ."

मी खुर्चीतून उठले. का उठले ते विचारू नका. गेटवर नंबर उभ्यानं सांगायचा असतो, म्हणून असेल. माऊस टेबलावर होता, माझे दोन्ही हात पदरात. बाल्या माझ्या मागं, भिंतीला टेकून. मला जरा वेड्यासारखंच वाटत होतं, पण आता कुणाला लाजायचं, त्या मुली तर नव्हत्या तिथं. मी पडद्याकडं बघून, गेटवर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "अप्पा, एकाहत्तर. आले मी. उशीर झाला."

काही झालं नाही. एक, दोन, तीन... बाल्या हळूच म्हणाला, "सवे, माईक न्हाई याला. बस खाली."

आणि अप्पा उठले.

बाकड्यावरून उठले, गुमटीत गेले. भिंत आपोआप मोठी झाली. कोळसा घेतला, एकाहत्तरवर रेघ मारली. सावकाश मारली. मग बाहेर आले, दारातल्या दुसऱ्या गेटमनला मान हलवली, आणि गावाच्या रस्त्याला लागले. चिंच मागं पडली. ते लहान लहान होत गेले, आणि दिवस संपला. पडद्यावर बाल्याचं नाव आलं.

बाल्या कॉम्प्युटरपाशी गेला, मागच्या वायरी एकेक करून हातानं चाचपून बघितल्या. माईक नव्हताच, जोडायला पण नव्हता खोलीत. म्हणाला, "उठणं मी बनवलंय. रेघ मारणं मी बनवलंय. चालणं बी माझंच हाय. पण पोरगी आल्याबिगर ते चालूच होत न्हाई सवे. अन् पोरगी तर आलीच न्हाई पडद्यावर." मग थोडं थांबून म्हणाला, "म्हंजे... तशी आली म्हना." आणि तोही रडायला लागला, एवढा मोठा गडी.

त्यानंतर तो बग परत आला नाही. बाल्यानं शुक्रवार-शनिवार बारावा दिवस किती वेळा खेळून बघितला, पोरगी दर वेळी येते, आकडा दर वेळी वेगळा. प्रोग्राममधे त्यानं एक अक्षर बदललेलं नव्हतं. सोमवारी त्यानं गेम दिला, नंबरच्या रीतीसकट. लोक घेतायत म्हणे. कुणी परदेशातल्या बाईनं लिहिलंय की ती रोज कामावर जाताना आपल्या पोराला आकडा सांगते. बाल्यानं ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आत्या, जुनी फाईल अडकलेली असेल, कसला तरी टायमर असेल, तुम्ही बोलायला आणि तो सुटायला गाठ पडली. असेल. एकोणनव्वद आकड्यांतला एक जुळला, तोही योगायोग असेल. चाचांचं वय झालंय, त्यांच्या तोंडून तोच आकडा आला, हाही असेल. मी वाद घातला नाही. मी सगळ्यांना पुरावा मागणारी बाई, आता माझ्याकडंच काही नाही दाखवायला. एकाहत्तर मला अजूनही आठवत नाही, हेही कबूल करते. ताईतवाल्या बायांना अजून बोलते, पण पहिल्यासारखी नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन.

मायला सांगावं की नाही, चार दिवस ठरेना. ती आमच्याकडंच असते, पंचाहत्तरी ओलांडली, कॉम्प्युटर म्हणजे तिला टीव्हीच. शेवटी सकाळी ती ओट्यापाशी बसून शेंगा फोडत होती तेव्हा सांगून टाकलं. दसऱ्याचं पण सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली. मी म्हटलं, "माय, नंबर बंद केला मी. अप्पा घरी गेले."

तिनं मान वर केली. "भाकरीचा डबा घेतला का हातात?"

मी ते बघितलंच नव्हतं. माझे डोळे भरलेले होते, मला पाठमोरे अप्पा तेवढे दिसले होते. पण मी म्हणाले, "हो, घेतला."

"बरं झालं," माय म्हणाली. "लय येळा गुमटीतच विसरून यायचे." आणि तिनं पुढची शेंग घेतली.